अलेक्सेई कोसिगिन : सूतगिरणीच्या संचालकापासून सोव्हिएत पंतप्रधानापर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोसिगिन म्हणजे नक्की कोण? ताश्कंद कराराच्या फोटोतले ते गृहस्थ का?

हो, तेच. शास्त्रीजी आणि अयुब खान यांच्यामध्ये उभे असलेले, चेहऱ्यावर सहसा हसू नसलेले. अलेक्सेई निकोलायेविच कोसिगिन ऑक्टोबर १९६४ ते ऑक्टोबर १९८० अशी सलग १६ वर्षं सोव्हिएत संघाचे पंतप्रधान होते. अधिकृत पदनाम मंत्रिपरिषदेचे अध्यक्ष. एवढा काळ त्या खुर्चीत दुसरं कोणी टिकलं नाही. तरीही त्या काळाला सगळे पक्षप्रमुख ब्रेझनेवच्या नावाने 'ब्रेझनेवचा काळ' म्हणतात, आणि ते चूकही नाही. हा माणूस राजकारणात पोचला तो भाषणं देऊन किंवा पक्षाचं काम करून नव्हे, तर कापडगिरणी चालवून. पुढची सगळी कारकीर्द समजून घ्यायला हा मुद्दा लागतो.

त्यांची सुरुवात कुठून झाली?

जन्म २१ फेब्रुवारी १९०४, सेंट पीटर्सबर्ग, कामगाराच्या घरात. १५ व्या वर्षी ते लाल सैन्यात भरती झाले. यादवी युद्ध संपल्यावर लेनिनग्राडच्या सहकारी तंत्रशाळेत शिकले आणि १९२४ मध्ये सायबेरियात गेले. तिथल्या ग्राहक सहकारी संस्थांमध्ये त्यांनी सहा वर्षं काढली. त्या वेळी लेनिनचं नवं आर्थिक धोरण चालू होतं, म्हणजे मर्यादित प्रमाणात बाजार, व्यापार, हिशेब यांना मुभा होती. धान्य, कातडी, कापड यांची खरेदी-विक्री, उधारी, वाहतूक हे सगळं त्यांनी प्रत्यक्ष केलं. पुढच्या सोव्हिएत नेत्यांपैकी फार थोड्यांनी कधी नफा-तोट्याचा हिशेब स्वतः लिहिला असेल.

१९२७ मध्ये ते पक्षाचे सदस्य झाले. १९३० मध्ये लेनिनग्राडला परतून वस्त्रोद्योग संस्थेत दाखल झाले आणि १९३५ मध्ये, ३१ व्या वर्षी, अभियंता झाले.

गिरणीतून मंत्रालयात ते इतक्या लवकर कसे पोचले?

तारखाच पाहा. १९३५ मध्ये झेल्याबोव गिरणीत फोरमन, मग पाळीप्रमुख. १९३७ मध्ये 'ऑक्टोबर' कताई-विणाई गिरणीचे संचालक. १९३८ मध्ये लेनिनग्राड शहराच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या भाषेत महापौर आणि आयुक्त एकत्र. जानेवारी १९३९ मध्ये अख्ख्या देशाच्या वस्त्रोद्योगाचे मंत्री. एप्रिल १९४० मध्ये उपपंतप्रधान. फोरमन ते उपपंतप्रधान, पाच वर्षांत.

हुशारी होतीच, पण हुशारीने एवढं होत नाही. १९३७-३८ या दोन वर्षांत स्टालिनच्या गुप्त पोलिसांनी त्यांच्याच नोंदींनुसार सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना गोळ्या घातल्या. संचालक, मुख्य अभियंते, मंत्री, पक्षसचिव यांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि नव्याने शिकून आलेली तिशीतली कामगारांची पोरं त्या खुर्च्यांवर बसली. पुढे संरक्षणमंत्री झालेले उस्तिनोव १९३८ मध्ये असेच लेनिनग्राडच्या एका मोठ्या कारखान्याचे संचालक झाले. ब्रेझनेव आणि पुढे परराष्ट्रमंत्री झालेले ग्रोमिको हेही याच पिढीचे. या सगळ्यांना आधीच्या माणसाचं काय झालं ते ठाऊक होतं. कोसिगिन पुढे आयुष्यभर मोजून-मापून बोलले, त्याची मुळं इथे आहेत असं मला वाटतं.

सोव्हिएत कारखान्याचा संचालक रोज काय करायचा?

मालक सरकार, गिऱ्हाईक सरकार, किमती ठरवणारं सरकार, मग व्यवस्थापकाला काम काय उरतं, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात डोकेदुखी आपल्याकडच्या गिरणी मॅनेजरपेक्षा कमी नव्हती, फक्त वेगळी होती. माल खपेल का याची चिंता नसायची, कारण लोक मिळेल ते घ्यायचे. चिंता असायची कच्च्या मालाची. कापूस वेळेवर येईल का, सुटे भाग मिळतील का, वॅगन मिळेल का. त्यासाठी कारखाने 'तोलकाच' म्हणून खटपटी माणसं बाळगायचे, जी राजधानीत आणि दुसऱ्या कारखान्यांत ओळखीपाळखी काढून माल सोडवून आणायची. पद कागदावर नसे, काम मात्र अटळ.

दुसरी गोष्ट म्हणजे 'योजना'. वरून महिन्याचा, तिमाहीचा, वर्षाचा आकडा यायचा. तो गाठला तर बक्षीस, नाही गाठला तर बोलणी, आणि स्टालिनच्या काळात कदाचित अटक. म्हणून शहाणा संचालक आपली खरी क्षमता कधीच सांगत नसे. १०० होत असतील तर ८० सांगायचे, ८२ करून दाखवायचे. चुकून ९५ केले तर पुढच्या वर्षी ९५ हाच आकडा डोक्यावर बसणार! महिन्याचे पहिले दहा दिवस माल नाही म्हणून मशीन बंद आणि शेवटच्या दहा दिवसांत रात्रंदिवस धावपळ, हेही नेहमीचंच.

आणि आकडा कशात मोजायचा? वजनात मोजला की वस्तू जड व्हायच्या. कापड लांबीच्या मीटरमध्ये मोजलं की पन्हा अरुंद ठेवून मीटर वाढवायचा मोह व्हायचा. कोसिगिन यांना हे अहवाल वाचून कळलेलं नव्हतं, ते खात्यात उभे राहून शिकले होते.

युद्धात ते आघाडीवर होते का?

बंदूक घेऊन नाही. २२ जून १९४१ ला जर्मन हल्ला झाला आणि दोनच दिवसांत स्थलांतर मंडळ स्थापन झालं. कोसिगिन त्याचे उपाध्यक्ष होते. पश्चिमेकडचे कारखाने मशीनसकट उचलून उरल, व्होल्गाकाठ, सायबेरिया, मध्य आशियात नेणं हे काम. १९४१ च्या उत्तरार्धात १,५२३ कारखाने हलवले गेले, ही सोव्हिएत इतिहासात नेहमी दिली जाणारी संख्या. लेथ, क्रेन, कामगार, त्यांची कुटुंबं, सगळं रेल्वेने, आणि तेही त्याच रुळांवरून उलट दिशेने सैन्य जात असताना.

जानेवारी १९४२ मध्ये त्यांना वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडला पाठवलं. त्यांचंच शहर, आणि लोक भुकेने मरत होते. गोठलेल्या लादोगा सरोवरावरचा बर्फाचा रस्ता हाच एक मार्ग उरला होता. त्या रस्त्याने ५ लाख माणसं बाहेर काढायचा निर्णय याच महिन्यात झाला. ट्रकांची फेरी वाढवणं, पलीकडच्या काठावर रेल्वेची तजवीज, आणि पुढे सरोवराच्या तळातून इंधनाची पाइपलाइन, जी जून १९४२ मध्ये सुरू झाली. कोसिगिन यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम कोणतं असं मला विचाराल तर मी १९६५ च्या सुधारणा सांगणार नाही, हे सांगेन.

'लेनिनग्राड प्रकरण' काय होतं? त्यातून ते कसे वाचले?

१९४९ मध्ये स्टालिनने लेनिनग्राडशी संबंधित नेत्यांची साफसफाई सुरू केली. नियोजन मंडळाचे प्रमुख वोज्नेसेन्स्की, पक्षसचिव कुझ्नेत्सोव आणि आणखी काही जणांना १ ऑक्टोबर १९५० रोजी गोळ्या घातल्या. कोसिगिन त्याच शहरातून वर आलेले. १९४८ मध्ये पॉलिटब्युरोचे, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाचे पूर्ण सदस्य, काही महिने अर्थमंत्री, आणि कुझ्नेत्सोवशी बायकोकडून नातं. यादीत नाव असायला एवढं पुरेसं होतं.

का वाचले याचं एक ठाम उत्तर देता येत नाही. स्टालिननंतर सत्तेवर आलेल्या क्रुश्चेव यांनी आठवणींमध्ये म्हटलंय की कोसिगिन यांचा जीव धाग्यावर लोंबकळत होता. त्या दिवसांत रोज सकाळी घरून निघताना, संध्याकाळी परतलो नाही तर काय करायचं हे ते पत्नीला सांगून जात, अशी आठवण कुटुंबातून पुढे आली आहे. शिक्षा झाली ती इतकीच की त्यांना हलक्या उद्योगांच्या खात्यात, म्हणजे कापड-चपला-भांड्यांच्या मंत्रालयात, बाजूला टाकलं गेलं. १९५२ मध्ये त्यांचा दर्जा पूर्ण सदस्यावरून मताचा हक्क नसलेल्या उमेदवार सदस्यावर आला, १९५३ मध्ये तोही गेला. पुन्हा वर यायला १९५७ उजाडलं. १९५९ मध्ये ते गोसप्लानचे, म्हणजे केंद्रीय नियोजन मंडळाचे प्रमुख झाले आणि १९६० मध्ये पहिले उपपंतप्रधान.

क्रुश्चेवना हटवण्यात त्यांचा हात होता का?

कट रचण्यात पुढाकार ब्रेझनेव, पोदगोर्नी, शेलेपिन यांचा. कोसिगिन यांना उशिरा सामील करून घेतलं गेलं, आणि त्यांनी विरोध केला नाही. १४ ऑक्टोबर १९६४ ला क्रुश्चेव गेले. पक्ष ब्रेझनेवकडे आणि सरकार कोसिगिनकडे अशी वाटणी झाली. दोन्ही पदं पुन्हा एका माणसाकडे द्यायची नाहीत, असंही तेव्हा ठरलं होतं.

१९६५ च्या 'कोसिगिन सुधारणा' म्हणजे काय?

सप्टेंबर १९६५ च्या केंद्रीय समितीच्या बैठकीत त्यांनी त्या मांडल्या. पार्श्वभूमी अशी : खार्कीवचे अर्थतज्ज्ञ येव्सेई लिबरमन यांनी सप्टेंबर १९६२ मध्ये 'प्राव्दा'त लेख लिहून सुचवलं होतं की कारखान्याला डझनावारी आकडे देण्यापेक्षा त्याच्या नफ्यावरून काम जोखावं आणि त्या प्रमाणात बक्षीस द्यावं. १९६४ मध्ये मॉस्कोच्या 'बल्शेविच्का' आणि गोर्कीच्या 'मायाक' या दोन तयार कपड्यांच्या कारखान्यांत प्रयोग झाला. दुकानांच्या मागणीप्रमाणे कपडे शिवायचे, शिवले किती यापेक्षा विकले किती ते मोजायचं.

कोसिगिन यांनी याचा सौम्य अवतार देशभर लागू केला. क्रुश्चेवनी आणलेली प्रादेशिक आर्थिक मंडळं बंद केली, केंद्रीय मंत्रालयं परत आणली. वरून येणाऱ्या सक्तीच्या आकड्यांची संख्या खूप कमी केली. एकूण उत्पादनाऐवजी विक्री आणि नफा मुख्य धरला. यंत्रं-इमारती आतापर्यंत कारखान्याला फुकट मिळत. आता त्यांच्या किमतीवर सरकारला आकार द्यायचा. नफ्यातला हिस्सा कारखान्याकडेच ठेवून त्यातून तीन निधी केले : कामगारांचे बोनस, घरं व पाळणाघरं यांसारख्या सोयी, आणि नवीन यंत्रसामग्री.

जानेवारी १९६६ मध्ये ४३ कारखान्यांपासून सुरुवात झाली, वर्षअखेर ही संख्या सातशेच्या आसपास गेली. १९६७ मध्ये तुला प्रांतातल्या श्चेकिनो रसायन कारखान्यात आणखी धीट प्रयोग झाला : पगाराची एकूण रक्कम ठरलेली, माणसं कमी केली तर वाचलेल्या पैशाचा भाग उरलेल्यांना. ज्या देशात कामावरून कमी करणं जवळपास अशक्य, तिथे ही मोठीच गोष्ट. कमी झालेल्यांना अर्थात दुसरीकडे काम दिलं गेलं.

त्या यशस्वी झाल्या का?

१९६६-७० ची आठवी पंचवार्षिक योजना रशियात अजूनही 'सोनेरी' म्हणून आठवली जाते. अधिकृत आकड्यांनुसार राष्ट्रीय उत्पन्नाची वार्षिक वाढ आधीच्या ६.५ टक्क्यांवरून ७.८ टक्क्यांवर गेली. सोव्हिएत आकडे चार हात लांबूनच घ्यावेत, पण लोकांच्या आठवणीही तेच सांगतात : घरं मिळाली, फ्रिज आणि टीव्ही आले, १९६७ पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला. यातलं सुधारणांमुळे किती आणि चांगल्या पिकांमुळे किती, यावर अर्थतज्ज्ञांचं आजही एकमत नाही. पुढच्या दोन योजनांमध्ये हाच वेग ५.७ आणि ४.३ टक्के असा घसरला.

मग त्या बारगळल्या कशामुळे? ब्रेझनेवनी खोडा घातला म्हणून?

हे नेहमीचं उत्तर, आणि अर्धं खरं. ब्रेझनेवना सुधारणांत रस नव्हता, मंत्रालयांनी गेलेले अधिकार हळूहळू परत ओढले, आणि ऑगस्ट १९६८ मध्ये प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसल्यावर 'बाजार' हा शब्दच संशयास्पद ठरला. चेकोस्लोव्हाकियातली गडबड आर्थिक सुधारणांपासूनच सुरू झाली, हे मॉस्कोतल्या सनातन्यांना आयतं कोलीत मिळालं.

पण दोष आराखड्यातही होता आणि आराखडा कोसिगिन यांचाच होता. नफा मोजायचा म्हटलं तर किंमत खरी हवी. किमती मात्र सरकारी समितीच ठरवत राहिली. १९६७ मध्ये घाऊक किमती नव्याने ठरवल्या त्यासुद्धा वरूनच. परिणामी नफा कारखान्याच्या कर्तबगारीपेक्षा किंमतयादीवर ठरू लागला. बोनसचा निधी हाताशी आला, पण त्या पैशाने यंत्र घ्यायचं तर ते दुकानात थोडंच मिळत होतं? त्यासाठी पुरवठा समितीचा परवाना हवाच. म्हणजे जमाखर्चाची वही सुनेच्या हातात दिली आणि तिजोरीच्या किल्ल्या सासूच्या कमरेलाच राहिल्या. संचालकांनी मग जे जमण्यासारखं होतं ते केलं : लक्ष्य कमी मागितलं, महाग वस्तू जास्त बनवल्या, बोनस वाटून टाकला. तोट्यातला कारखाना बंद होईल ही भीती कुणालाच नव्हती.

कोसिगिन यांना कारखाने नीट चालायला हवे होते. नियोजनाचा कणा मोडायची त्यांची इच्छा कधीच नव्हती. गिरणीतल्या माणसाचा हा गुण आणि हीच मर्यादा. खात्यातला गोंधळ त्यांना आरपार दिसायचा, कंपनीच्या मालकीचा प्रश्न मात्र त्यांनी विचारला नाही.

पुढे तेलाने सुधारणांची गरजच झाकून टाकली. पश्चिम सायबेरियात समोत्लोरचं प्रचंड तेलक्षेत्र सुरू झालं होतं, १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आणि धान्यापासून यंत्रांपर्यंत सगळं डॉलरने आणता येऊ लागलं. धान्याचे वांधे आहेत, ठरल्याहून तीस लाख टन तेल जास्त काढा, अशा अर्थाचे निरोप कोसिगिन स्वतः त्याच भागातल्या त्यूमेनच्या तेलप्रमुखांना देत, असं सांगितलं जातं.

'लाडा' गाडी त्यांच्यामुळे आली का?

बऱ्याच अंशी. १९६६ मध्ये इटलीच्या फियाटशी करार झाला, व्होल्गाकाठच्या तोल्यात्ती शहरात कारखाना उभा राहिला आणि एप्रिल १९७० मध्ये पहिली 'झिगुली' बाहेर पडली. मूळ मॉडेल फियाट १२४. हीच गाडी परदेशात 'लाडा' म्हणून विकली गेली. सामान्य माणसाला खाजगी मोटार हवी, हे कोसिगिन यांनी रेटून धरलं.

ताश्कंदमध्ये त्यांनी नेमकं काय केलं?

१९६५ च्या भारत-पाक युद्धानंतरची ही बोलणी, ४ ते १० जानेवारी १९६६. भारताकडून पंतप्रधान लालबहादूर शास्त्री, परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. पाकिस्तानकडून अध्यक्ष अयुब खान आणि परराष्ट्रमंत्री भुट्टो. कोसिगिन एका निवासातून दुसऱ्या निवासात निरोप नेत-आणत राहिले. पाकिस्तानला काश्मीरचा उल्लेख हवा होता. भारताला बळाचा वापर न करण्याची हमी हवी होती आणि युद्धात जिंकलेली हाजी पीर खिंड सोडणं जड जात होतं. बोलणी मोडायच्या बेतात आल्यावर मसुद्यातले शब्द घासूनपुसून दोघांना चालतील असे करणं, हे काम त्यांनी केलं. अखेर दोन्ही सैन्यांनी २५ फेब्रुवारीपर्यंत ५ ऑगस्ट १९६५ च्या आधीच्या जागी परतायचं ठरलं.

त्याच रात्री शास्त्रीजी गेले. अधिकृत कारण हृदयविकार. शवविच्छेदन झालं नाही, म्हणून आपल्याकडे शंका आजही निघतात. विमानतळावर पार्थिवाला खांदा देणाऱ्यांत कोसिगिन आणि अयुब खान दोघेही होते. अंत्यसंस्काराला कोसिगिन दिल्लीला आले. पुढे १९६८ च्या प्रजासत्ताक दिनी ते युगोस्लाव्हियाच्या टिटोंबरोबर प्रमुख पाहुणे होते.

परराष्ट्र धोरणात त्यांचं वजन किती होतं?

सुरुवातीला भरपूर, नंतर घटत गेलेलं. जून १९६७ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं तेव्हा वॉशिंग्टन-मॉस्को हॉटलाइन पहिल्यांदाच संकटात वापरली गेली, आणि मॉस्कोच्या टोकाला कोसिगिन होते. त्याच महिन्यात न्यू जर्सीतल्या ग्लासबरो गावी ते अध्यक्ष जॉन्सनना भेटले. अमेरिकेचा आग्रह होता की क्षेपणास्त्रविरोधी संरक्षणाला मर्यादा घालावी. बचावाचं शस्त्र वाईट कसं, हे कोसिगिन यांना पटेना. पाच वर्षांनी सोव्हिएत संघाने तोच करार केला, पण तेव्हा सही ब्रेझनेवची होती.

चीनचा किस्सा तर वेगळाच. मार्च १९६९ मध्ये सीमेवरच्या उसुरी नदीवर दोन्ही सैन्यांत गोळीबार झाल्यावर कोसिगिन यांनी थेट माओंना फोन लावला. चिनी ऑपरेटरने जोडून द्यायलाच नकार दिला. सप्टेंबरमध्ये व्हिएतनामचे नेते हो चि मिन्ह यांच्या अंत्ययात्रेहून परतताना ते सोव्हिएत हद्दीत पोचलेही होते. चीनचा होकार आला तसं विमान वळवून ते बीजिंगला गेले आणि ११ सप्टेंबरला विमानतळावरच चिनी पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याशी बोलले. युद्धाची भाषा त्यानंतर निवळली.

अफगाणिस्तानात सैन्य पाठवायला त्यांचा विरोध होता, हे खरं?

नोंदी तसंच सांगतात. मार्च १९७९ मध्ये हेरातमध्ये उठाव झाला आणि अफगाण नेते तराकी यांनी फोनवर मदत मागितली. हे संभाषण आता वाचायला मिळतं. कोसिगिन व्यवस्थापकासारखे एकेक विचारतात : कामगार तुमच्या बाजूने आहेत का, शहरातले लोक आहेत का? तराकी म्हणतात, लोकांचा सक्रिय पाठिंबा नाही. मग तराकी सुचवतात, ताजिक-उझबेक सैनिकांना अफगाण गणवेशात पाठवा, कोणाला कळणार नाही. कोसिगिन यांचं म्हणणं, दोन तासांत साऱ्या जगाला कळेल. शस्त्रं आणि धान्य देऊ, सैन्य नाही. १२ डिसेंबर १९७९ ला पॉलिटब्युरोतल्या मोजक्यांनी उलट निर्णय घेतला तेव्हा ते आजारी होते, हजर नव्हते. त्या कागदावर त्यांची सही नाही.

म्हणजे ते उदारमतवादी होते?

नाही. प्रागच्या वेळी आधी वाटाघाटींकडे कल असूनही त्यांनी शेवटी सगळ्यांबरोबर हात वर केला. विचारस्वातंत्र्य हा त्यांचा विषय नव्हता. भाषणांत टनांचे आणि टक्क्यांचे आकडे. खुशामत आणि पदकांचा सोस कमी, एवढं मात्र विरोधकही मान्य करत.

शेवटची वर्षं कशी गेली?

पत्नी क्लावदिया कर्करोगाने १ मे १९६७ ला वारल्या; त्या वेळी ते लाल चौकात मे दिनाच्या संचलनासाठी उभे होते. १९७६ मध्ये नाव वल्हवताना ती उलटून ते बुडता बुडता वाचले, १९७९ मध्ये हृदयविकाराचा मोठा झटका आला. ऑक्टोबर १९८० मध्ये त्यांनी पद सोडलं आणि ब्रेझनेवचे जुने सहकारी तिखोनोव पंतप्रधान झाले. १८ डिसेंबर १९८० ला कोसिगिन गेले. दुसऱ्या दिवशी ब्रेझनेवचा वाढदिवस असल्याने बातमी लगेच जाहीर झाली नाही. अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत आहेत.

कारखान्यातून सत्तेत आलेले आणखी कोण?

बुल्गानिन यांनी पंतप्रधान होण्याआधी मॉस्कोचा विद्युत-उपकरणांचा कारखाना चालवला होता. निकोलाय रिझकोव उरलमाश या अवजड यंत्रांच्या कारखान्याचे संचालक होते, ते १९८५ मध्ये गोर्बाचेवचे पंतप्रधान झाले. क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या युझमाशचे संचालक लिओनिद कुचमा १९९४ ते २००५ युक्रेनचे अध्यक्ष होते. गॅस उद्योगातून आलेले चेर्नोमिर्दिन १९९२ ते १९९८ रशियाचे पंतप्रधान राहिले. शेवटच्या दोघांच्या वाट्याला मात्र मालकीचा तो प्रश्न आला, जो कोसिगिन यांना टाळता आला होता.